स्तोत्र १३ हेवी मेटलमध्ये कसे बसवावे

ख्रिस्ती मेटलच्या बँडला दोन बाजूंनी प्रश्न येतात. चर्चमधली मंडळी विचारते, उपासनेत हा गोंगाट कशाला? मेटल ऐकणारे विचारतात, यात देव कशाला? दोघांनाही उत्तर गाण्यातूनच द्यावे लागते. ते देता येते, कारण या संगीताला साजेसा मजकूर बायबलमध्येच भरपूर आहे. स्तोत्रसंहितेच्या १५० स्तोत्रांत विलापाचा वर्ग सगळ्यांत मोठा आहे. देवाने पाठ फिरवली, शत्रू दारात उभा आहे, हाडे झिजली, अशी ती उघड तक्रार असते आणि ती प्रार्थना म्हणूनच ग्रंथात आहे. जड गिटार आणि संथ ड्रम यांना इतका योग्य मजकूर शोधूनही सापडणार नाही.

बहुतेक फसलेल्या गाण्यांचे मूळ एकच असते. आधी रिफ (गिटारवर पुन्हा पुन्हा येणारी छोटी सुरावट) तयार होतो आणि मग त्यावर कुठलेही ‘हालेलुया’ चिकटवले जाते. संगीत रागावलेले आणि शब्द हसरे, असे गाणे दोन्हीकडच्या श्रोत्यांना लगेच खोटे वाटते. म्हणून इथे क्रम उलटा ठेवला आहे. आधी वचने, मग छंद, मग रिफ. उदाहरण स्तोत्र १३ चे घेतले आहे, कारण ते सहाच वचनांचे आहे आणि त्याची बांधणी मेटलच्या गाण्यासारखीच आहे.

मजकूर कोणता घ्यायचा

स्तोत्र १३ तीन भागांत पडते. पहिल्या दोन वचनांत ‘कोठवर?’ हा प्रश्न चार वेळा येतो. तिसऱ्या-चौथ्यात मागणे आहे: माझ्याकडे पाहा, माझ्या डोळ्यांत प्रकाश घाल, नाहीतर मी मृत्यूची झोप झोपेन आणि शत्रू म्हणेल मी जिंकलो. शेवटच्या दोन वचनांत भरवसा आहे आणि गाणे आहे. तक्रार, मागणे, भरवसा. गाण्याचे तीन विभाग तयारच मिळतात.

यापेक्षा काळोखा मजकूर हवा असेल तर स्तोत्र ८८ घ्या. ते वळत नाही, आशेकडे येत नाही आणि अंधारावरच संपते. ज्यांनी ते निवडले त्यांनी शेवटी मेजर कॉर्डचा दिलासा जोडू नये. मूळ लेखकाने तो दिलेला नाही आणि ज्याच्या घरात नुकतेच दुःख घडले आहे त्याला त्या प्रामाणिकपणाचाच आधार वाटतो.

विलापगीत हे पुस्तक छंदप्रेमींसाठी फार मोलाचे आहे. त्यातल्या बऱ्याच ओळी मूळ हिब्रूत तीन आघात अधिक दोन आघात अशा लंगडत्या चालीच्या आहेत. कार्ल बुड्डे या जर्मन अभ्यासकाने १८८२ मध्ये ही चाल दाखवून दिली. मेटलमध्ये हीच चाल पाच मात्रांच्या रिफमध्ये जशीच्या तशी उतरते. ड्रमरला ‘एक दोन तीन, एक दोन’ असे मोजायला सांगा. झपताल येणाऱ्याला अधिकच सोपे जाईल. झपतालाचे खंड २-३-२-३ असतात, ते तिसऱ्या मात्रेपासून मोजायला सुरुवात केली की ३-२-३-२ मिळते.

दोन ठिकाणी जपा. स्तोत्र १३७ चे शेवटचे वचन लहान मुलांच्या हत्येविषयी आहे. तो बंदिवानांचा आक्रोश आहे, पण ब्रेकडाउनवर (गाण्यातल्या संथ, ठोसेबाज जागी) ओरडल्यावर तो आवाहनासारखा ऐकू येतो. संदर्भ समजावण्याची सोय नसेल तर ते वचन गाण्यात घेऊ नका. दुसरे, प्रकटीकरणातली श्वापदे आणि टोळधाड. चित्र म्हणून ती मोहात पाडतात, पण त्या अध्यायांचा रोख छळ सोसणाऱ्या मंडळीला धीर देण्याचा आहे. नुसती श्वापदे उचलली की विश्वास गाण्याबाहेर राहतो आणि कव्हरवरचे चित्र तेवढे उरते.

स्तुतीचे गाणे मेटलमध्ये होतच नाही असे नाही. एकाच वर्षी, १९८४ मध्ये, अमेरिकेत दोन वाटा स्पष्ट दिसल्या. कॅलिफोर्नियाच्या स्ट्रायपरने पहिले रेकॉर्ड काढले. उंच आवाज, दोन गिटारींचे सुरेल जोडकाम, पिवळे-काळे पट्टे, नावाचा आधार यशया ५३:५, आणि मंचावरून प्रेक्षकांत नव्या कराराच्या प्रती फेकण्याची रीत. त्याच वर्षी शिकागोच्या ट्रबल या बँडचा पहिला अल्बम आला. तो संथ, जड आणि पश्चात्तापाच्या सुरातला. रेकॉर्ड कंपनीने त्याला ‘व्हाइट मेटल’ म्हणून बाजारात आणले. स्तोत्र १५० बसवायचे असेल तर स्ट्रायपरची वाट धरा, त्या स्तोत्रात मोठ्या आवाजाच्या झांजा आहेतच. स्तोत्र १३ साठी ट्रबलची वाट बरोबर.

शब्द मराठीत आणणे

छापील बायबलचे शब्द सरसकट उचलू नका. आज चर्चमध्ये वापरात असलेल्या भाषांतरांवर प्रकाशक संस्थांचे हक्क असतात. गाणे ध्वनिमुद्रित करून प्रसिद्ध करायचे तर लेखी परवानगी घ्यावी लागते. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क राहतो. त्या हिशेबाने नारायण वामन टिळक (मृत्यू १९१९) आणि पंडिता रमाबाई (मृत्यू १९२२) यांचे शब्द मोकळे आहेत. टिळकांची भजने मराठी मंडळ्यांना पाठ असतात, त्यामुळे नवी चाल ऐकतानाही लोक शब्दांना धरून राहतात. हा फार मोठा फायदा आहे. सगळ्यांत उत्तम मार्ग म्हणजे दोन-तीन भाषांतरे शेजारी ठेवून स्वतःची ओळ लिहिणे आणि ती पाळकांकडून किंवा फादरांकडून तपासून घेणे.

स्वतः लिहिताना मोठ्या अभंगाचा साचा वापरा: सहा, सहा, सहा आणि चार अक्षरे, यमक दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाला. स्तोत्र १३ ची सुरुवात अशी होईल:

कोठवर देवा
विसरशी मला
अंधार दाटला
डोळ्यांपुढे

आता हे चार चरण चार मात्रांच्या चार बारमध्ये (तालाच्या चार आवर्तनांत) बसवा. एका बारमध्ये आठ अर्धमात्रा असतात. सहा अक्षरे पहिल्या सहा अर्धमात्रांवर जातात आणि उरलेल्या दोन गिटारला मिळतात. शेवटच्या चरणात चारच अक्षरे असल्यामुळे अर्धा बार रिकामा पडतो. तिथे सगळ्या बँडने थांबायचे. हा थांबा अभंगातच आहे, तो वेगळा शोधावा लागत नाही. टाळ-मृदंगावर ज्या जागी टाळी भरते, तिथे इथे पूर्ण शांतता ठेवली की पुढचा रिफ दुप्पट जड वाटतो.

ओवीचाही असाच उपयोग होतो. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये गोव्यात छापले गेले. त्यात सुमारे ११ हजार ओव्या आहेत आणि त्यांवर आता कुणाचाही हक्क नाही. तीन चरण यमकाचे आणि चौथा आखूड. तीन वेळा तोच रिफ आणि चौथ्या वेळी तो मध्येच तोडायचा, ही मेटलमधली जुनी युक्ती ओवीला जणू मापाने शिवलेली आहे. भाषा जुनी असल्यामुळे एका गाण्यात सहा-सात ओव्यांपेक्षा जास्त घेऊ नका आणि अर्थ पत्रकात छापा.

एक तांत्रिक गोष्ट इथेच सांगायला हवी. ‘कोठवर’ हा शब्द गाताना चार अक्षरांचा होतो, पण बोलताना ‘कोठ-वर’ असे दोनच आघात पडतात. सुरात गायच्या ओळीत चार अक्षरे पसरा, ओरडायच्या जागी दोन आघात ठेवा आणि ते दोन्ही किक-स्नेअरवर (पायाने वाजणारा मोठा ड्रम आणि काठीने वाजणारा मुख्य ड्रम) आणा. गायकाने एक पद्धत धरली आणि ड्रमरने दुसरी, की शब्द तालातून निसटतो. तालमीआधी शब्दांच्या कागदावर प्रत्येक आघाताखाली रेघ मारून ठेवा.

ट्यूनिंग आणि रिफ

ड्रॉप डी ट्यूनिंग पुरेसे आहे. सहावी तार ई वरून डी वर उतरवा (७३.४ हर्ट्झ), बाकीच्या तशाच. याहून खाली जाण्याचा मोह होतो, पण मंडळीला सोबत गायचे असेल तर डी हा स्वर सोयीचा आहे. ते पुढे येईल. १०–४६ च्या (तारांची जाडी, इंचाच्या हजारांशांत) नेहमीच्या संचात ही तार सैल पडते आणि जोरात मारल्यावर स्वर वर चढून मग खाली बसतो. १०–५२ चा संच लावा. ड्रॉप सी करणार असाल तर ११–५६ किंवा १२–६०. तारा बदलल्यावर बाराव्या पडद्यावरचा हार्मोनिक आणि दाबलेला स्वर ट्यूनरवर जुळवून पाहा. दाबलेला स्वर चढा असेल तर ब्रिजवरचा सॅडल मागे सरकवा.

जास्त गेनवर (आवाज फाटेपर्यंत चढवल्यावर) पॉवर कॉर्डच, म्हणजे नुसते षड्ज-पंचम, का वाजवायचे, याचे कारण समजले की मांडणी आपोआप सुधारते. अशा फाटलेल्या आवाजात, म्हणजे डिस्टॉर्शनमध्ये, दोन स्वरांच्या फरकाचा तिसरा स्वर तयार होतो. षड्ज आणि पंचम यांचे प्रमाण २:३. त्यांच्या फरकाचा स्वर बरोबर षड्जाच्या एक सप्तक खाली पडतो, म्हणून पॉवर कॉर्ड इतका भरदार वाटतो. गिटारवरचा शुद्ध गांधार मात्र नैसर्गिक गांधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा असतो. त्यामुळे गांधार घातलेला कॉर्ड जास्त गेनवर खरखरतो आणि चिखल होतो. स्तोत्राच्या मूळ चालीतले मेजर-मायनर कॉर्ड असेच्या असे वाजवले तर नेमके हेच घडते. उपाय असा: पहिल्या गिटारवर षड्ज-पंचम, बेसवर मूळ स्वर, आणि गांधार दुसऱ्या गिटारवर एकट्या तारेने किंवा गायकाच्या गळ्यात.

रिफसाठी डी हा षड्ज धरा. तक्रारीच्या भागात कोमल रिषभ (ई फ्लॅट) आणि तीव्र मध्यम (जी शार्प) हे दोन स्वर काम करतात. कोमल रिषभ, कोमल गांधार, तीव्र मध्यम, कोमल धैवत: तोडी ऐकलेल्या कानाला हे स्वर ओळखीचे आहेत आणि त्यांतली व्याकुळताही. मेटलवाले पाश्चात्त्य वाटेने तिथेच पोचतात. सोपा आराखडा असा: पहिला बार उघडी सहावी तार पाम म्यूट करून (तळहाताच्या कडेने हलकेच दाबून) सहा अर्धमात्रा, मग ई फ्लॅट आणि डी. दुसऱ्या बारमध्ये तेच, पण शेवटी जी शार्पवर जाऊन तो लांबवा. तिसरा बार पहिल्यासारखा. चौथ्यात अर्ध्यावर थांबा.

षड्ज-तीव्र मध्यमाच्या या अंतराला ‘सैतानाचा स्वर’ म्हणतात आणि चर्चने त्यावर बंदी घातली होती, असे वारंवार सांगितले जाते. तशी बंदी नव्हती. मध्ययुगातले संगीतकार ते अंतर बेसूर म्हणून टाळत, आणि ‘डायाबोलस इन म्युझिका’ हे नाव अठराव्या शतकाच्या सुरुवातीच्या लेखनात दिसते. मंडळीत कुणी आक्षेप घेतला तर एवढे शांतपणे सांगा.

पाम म्यूट करताना हाताची कड ब्रिजच्या अगदी लगत ठेवा. ती एखादा सेंटिमीटर पुढे गेली की स्वर मरतो आणि नुसता ठक आवाज उरतो. भरवशाच्या भागात म्यूट सोडून द्या, तारा पूर्ण वाजू द्या, आणि तीव्र मध्यमाऐवजी शुद्ध मध्यम आणा. एवढ्या एका स्वराच्या बदलाने वळण कानाला कळते. त्यासाठी संपूर्ण गाणे मेजरमध्ये नेण्याची गरज नाही. स्तोत्रकर्त्याची परिस्थिती सहाव्या वचनातही बदललेली नाही, त्याचा भरवसा तेवढा जागा झाला आहे. संगीतानेही तेवढेच सांगावे.

वेग आणि ड्रम

तक्रार ७० बीपीएम (मिनिटाला इतक्या मात्रा), मागणे १४०, भरवसा पुन्हा ७०. दुप्पट-निमपट ठेवल्यामुळे एकाच क्लिकवर (मेट्रोनोमच्या ठोक्यावर) सगळे गाणे होते आणि वळणावर बँड घसरत नाही. ७५ वरून १३० असे अडनिडे आकडे घेतले तर प्रत्येक वळण स्वतंत्र घोटावे लागते आणि प्रत्यक्ष कार्यक्रमात तिथेच गोंधळ होतो.

७० वर किक पहिल्या मात्रेवर आणि स्नेअर तिसऱ्यावर, म्हणजे बारमध्ये एकच स्नेअर. नवे ड्रमर ही जागा भरून टाकतात. भरू देऊ नका. अभंगाच्या अक्षरांना तिथेच हवा मिळते. १४० च्या भागात डबल बेस (दोन्ही पायांनी किक) चालेल, पण चौथाईमात्रांवर (सेकंदाला नऊपेक्षा थोडे जास्त ठोके) जायचे की अर्धमात्रांवर थांबायचे, हे इमारत ठरवते. ब्लास्ट बीट (किक आणि स्नेअरचा अतिवेगवान अखंड मारा) या स्तोत्रात नको. स्तोत्र १८ मध्ये पृथ्वी हादरते आणि देव मेघांवरून खाली उतरतो, ती वचने त्यासाठी राखून ठेवा.

आवाज

ग्रोल (घशातून काढलेला गुरगुरता आवाज) म्हणजे सैतान आणि सुरेल गाणे म्हणजे देव, अशी वाटणी करू नका. हा साचा फार वापरला गेला आहे आणि तो मजकुराशीही खोटा आहे. स्तोत्र १३ मध्ये पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच माणूस बोलतो. त्याचा घसा तक्रारीत फाटतो आणि भरवशात सुरावर येतो, म्हणून दोन्ही आवाज शक्यतो एकाच गायकाने काढावेत. दोन गायक असतील तर तिसऱ्या-चौथ्या वचनांत दोघांनी एकाच वेळी गावे, म्हणजे माणूस बदलल्यासारखे वाटणार नाही.

ग्रोल शिकताना दिवसाला १० ते १५ मिनिटे पुरेत. आधी पाच मिनिटे ओठांची फुरफुर आणि गुणगुणणे. मग सुस्कारा टाकल्यासारखी हवा सोडत घशाच्या वरच्या भागात कंप आणा. स्वरतंत्रींच्या वर खोट्या स्वरतंत्री असतात, कंप त्यांचा हवा. ताकद पोटाच्या श्वासाची, गळा आवळून आणलेली नको. आवाज मोठा असण्याची गरजच नाही, मोठेपणा माइक देतो. खाज, खोकला किंवा टोचणे सुरू झाले की त्या दिवशी थांबा. दुसऱ्या दिवशीही आवाज बसलेला असेल तर तंत्र चुकते आहे. दोन आठवडे घोगरा राहिला तर कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवा.

मराठीत आ आणि ओ हे स्वर ग्रोलमध्ये चांगले उघडतात. इ आणि ई चिरके होतात, म्हणून ओरडायच्या ओळीचा शेवट ईकारान्त ठेवू नका. ठ, ड, ळ, ण ही अक्षरे जड आवाजातही ओळखू येतात. भ, घ, ध हवा भराभर खर्च करतात, त्यामुळे एका श्वासाच्या ओळीत ती दोन-तीनपेक्षा जास्त नकोत.

एवढे करूनही ग्रोलचे सगळे शब्द कळत नाहीत आणि ख्रिस्ती मेटलमध्ये ही गंभीर बाब आहे. मेलबर्नच्या मॉर्टिफिकेशनसारख्या डेथ मेटल बँडांचे शब्द नव्या श्रोत्याला नुसते ऐकून उमगत नाहीत. १९९४ मध्ये होर्ड या नावाने एका ऑस्ट्रेलियन ड्रमरने एकट्याने ब्लॅक मेटलचा ख्रिस्ती अल्बम केला आणि वाद पेटला, तोही शब्दांवरूनच. म्हणून शब्दांचा कागद वचनांच्या क्रमांकांसह छापा आणि ऑनलाइन प्रसिद्ध करताना गाण्याखाली पूर्ण शब्द द्या. ‘कोठवर’ हा एक शब्द तरी कागदाविना प्रत्येकाला कळलाच पाहिजे. त्या चार जागी गिटार क्षणभर थांबवा.

ध्वनिमुद्रण

ताल गिटार दोनदा स्वतंत्र वाजवा, एक पूर्ण डावीकडे, एक पूर्ण उजवीकडे. एकच ट्रॅक कॉपी करून दोन्हीकडे टाकला तर आवाज रुंद होत नाही, मधोमध मोठा तेवढा होतो. दोन थर होणार असल्यामुळे गेन घरी एकटे वाजवताना ठेवता त्यापेक्षा बराच कमी ठेवा. गिटारमधून ८० ते १०० हर्ट्झच्या खालचे सगळे काढून टाका, ती जागा बेस आणि किकची आहे. शब्दांची स्पष्टता २ ते ४ हजार हर्ट्झमध्ये असते. गायक गात असताना तिथे गिटार २-३ डेसिबलने कमी करा. मधले स्वर खोल कापलेला गिटारचा आवाज एकटा ऐकताना भारी वाटतो आणि बँडमध्ये नाहीसा होतो.

चर्चमध्ये वाजवताना

उपासनेत मेटल नवीन नाही. हेलसिंकीत २००६ पासून लुथरन चर्चमध्ये मेटल मिस्सा होते. तिथे नेहमीच्या स्तोत्रपुस्तकातली गीते मेटलच्या साजात मंडळी स्वतः गाते. कॅलिफोर्नियात ऐंशीच्या दशकात सँक्चुअरी नावाचे चर्चच मेटल ऐकणाऱ्या तरुणांसाठी उभे राहिले. त्याच काळात जिमी स्वॅगर्टसारखे दूरचित्रवाणीवरचे प्रचारक ख्रिस्ती रॉकवर तुटून पडत होते. तुमच्या मंडळीतही दोन्ही मतांचे लोक असणार. पाळकसाहेबांकडे आधी शब्द न्या, वचने लिहून न्या, किती मिनिटे लागतील आणि आवाज किती असेल ते सांगा. ध्वनिमुद्रण शेवटी ऐकवा. शब्द वाचलेला माणूस गाणे वेगळ्या कानाने ऐकतो.

मग इमारत तपासा. दगडी भिंती आणि उंच छत असलेल्या चर्चमध्ये आवाज दोन-तीन सेकंद घुमतो. रिकाम्या चर्चमध्ये फुगा फोडा, फोनवर रेकॉर्ड करा आणि आवाज पूर्ण विरायला किती वेळ लागतो ते मोजा. १४० बीपीएमला चौथाईमात्रांचे ठोके ०.११ सेकंदांच्या अंतराने पडतात. अडीच सेकंद घुमणाऱ्या जागेत एकाच वेळी वीसहून अधिक ठोक्यांचे अवशेष तरंगत राहतात आणि डबल बेसचा नुसता घरघराट होतो. अशा जागी १४० च्या भागात किक अर्धमात्रांवरच ठेवा, किंवा तो भाग १२० वर आणा आणि बाकीचा ६० वर. ७० च्या भागाला मात्र हीच इमारत मदत करते. थांब्याच्या अर्ध्या बारमध्ये जी हवा गुंजते ती कुठल्याही स्टुडिओत मिळत नाही.

गिटारचे मोठे अँप मंचावर आणू नका. मॉडेलर (अँपचा आवाज तयार करणारे छोटे यंत्र) थेट मिक्सरला जोडा, म्हणजे आवाजाचा ताबा एका माणसाकडे राहील. ड्रमच तेवढे नैसर्गिक जोरात वाजतील. त्यांच्याखाली जाड सतरंजी घाला, मागे पडदे किंवा गाद्या लावा, हलक्या काठ्या वापरा. माणसांनी भरलेले चर्च रिकाम्यापेक्षा कमी घुमते, त्यामुळे आदल्या दिवशीच्या तालमीत आवाज वाईट आला म्हणून घाबरून सगळे बदलू नका. गिटारचा मॉडेलर आणि पीए (मिक्सर आणि स्पीकर) वेगवेगळ्या वीजजोडणीवर असतील तर गुणगुण येते. सगळी ध्वनियंत्रणा एकाच अर्थिंग असलेल्या बोर्डावरून घ्या आणि दिव्यांची जोडणी वेगळी ठेवा. जुन्या इमारतीत अर्थिंग आहे की नाही, हे इलेक्ट्रिशियनकडून तपासल्याशिवाय माइकला ओठ लावू नका.

मंडळी गाणार असेल तर चाल स्त्रियांसाठी मधल्या सी च्या खालच्या ए पासून वरच्या डी पर्यंतच ठेवा, पुरुष तेच एक सप्तक खाली गातात. वरचा डी एखाद्याच जागी, बाकी वेळ ए च्या आसपास. डी षड्ज धरल्यामुळे हे सहज जमते. तीव्र मध्यम मंडळीच्या चालीत घालू नका, तो रिफमध्येच राहू दे. सवयीच्या चालीत तो स्वर अचानक आला की अर्धे लोक शुद्ध मध्यम गातात. मंडळी नेहमी थोडी मागे राहते, कारण मागच्या बाकांपर्यंत आवाज उशिरा पोचतो. ड्रमरने तिच्यासाठी थांबायचे नाही, नाहीतर प्रत्येक कडव्याला वेग घटत जातो. त्याऐवजी दोन कडव्यांच्या मध्ये दोन बार नुसता रिफ ठेवा, तेवढ्यात सगळे एकत्र येतात.

आवाजाची मर्यादा आधी ठरवा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये कार्यक्रमांच्या जागांसाठी १५ मिनिटांच्या सरासरीने १०० डेसिबलची कमाल मर्यादा सांगितली आहे. चर्चमध्ये म्हातारी माणसे आणि लहान मुले असतात, म्हणून ९० ते ९५ वर थांबा. फोनवरचे मापक अंदाजापुरते चालते, ते बाकांच्या मधोमध धरा, मिक्सरजवळ नको. दारात फोमचे इअरप्लग ठेवा आणि ते कसे घालायचे ते एका स्वयंसेवकाला शिकवून ठेवा: बोटांत वळून बारीक करायचे, कान वर ओढून आत घालायचे आणि फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवायचे. तान्ह्या बाळांच्या कुटुंबांना स्पीकरच्या रेषेबाहेरची जागा द्या. अंगणात कार्यक्रम असेल तर लाउडस्पीकरची पोलीस परवानगी आधी घ्या. रात्री १० नंतर तो बंदच लागतो, आणि रुग्णालय, शाळा किंवा न्यायालय १०० मीटरच्या आत असेल तर ती शांतता क्षेत्राची हद्द आहे. अशा ठिकाणी कार्यक्रम चर्चच्या आत, दारे-खिडक्या लावून करा.